माळाच्या कडेला टाकलेली भाकर

चकलांबा
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय मुक्ता,

बोर्डिंगच्या मागच्या नळावर शनिवारी दुपारी आपली केस धुवायची पाळी असायची, आठवतं? तू पत्र्याच्या मगानं माझ्या डोक्यावर पाणी ओतायचीस आणि तोंडानं बेडकाच्या हाडांचा धडा म्हणत राहायचीस. शिकेकाई डोळ्यांत गेली म्हणून मी ओरडले, की म्हणायचीस, "थांब गं, पाठीची हाडं तेवढी होऊ दे." तोवर बादलीतलं पाणी गार व्हायचं. बाकी काही घडायचं नाही. आज सकाळी अंगणात राजाला धुताना त्याच्या डोळ्यांत साबण गेला आणि त्यानं असा चेहरा केला, की मला एकदम तो नळ दिसला. राजा हा कुत्रा आहे. रागावू नकोस.

दिवाळी झाली आणि खालची वस्ती रिकामी झाली. दाराला दार लागून कुलपं. टोळ्या ऊसतोडीला गेल्या, त्या आता मार्चमध्ये येतील. मागे राहतात म्हातारी माणसं आणि कुत्री. जाताना प्रत्येक घर आपलं कुत्रं मागे राहणाऱ्या एखाद्या घरावर सोपवून जातं, ही इथली जुनी रीत. कौशल्याबाई ट्रकात चढता चढता परत खाली उतरून आली. म्हणाली, "बाई, माझ्या राजाला तेवढी भाकर टाकत जावा. मुकादम म्हणतो, माणसालाच जागा न्हाई. लई गुणाचा हाय." मी हो म्हटलं. मग आणखी सतरा जणींना हो म्हटलं. उरलेली न बोलावता आली.

आमचे राधाकिशनराव आठ दिवस गप्प होते. नवव्या दिवशी म्हणाले, "हे घर हाय का पांजरपोळ?" खरंच, रात्रभर भुंकणं चालायचं. म्हणून मी एक युक्ती काढली. माळाच्या कडेला आमचं कडब्याचं जुनं शेड रिकामं पडलं आहे. सगळ्यांना तिथं एका जागी भाकर घालते. गावातली मेलेली जनावरं टाकायची जागा तिथून जवळच आहे, त्यामुळे कुत्र्यांना वरून मांसही मिळतं. गाव शांत, हे शांत, आणि मला अठरा दारं फिरावी लागत नाहीत. गुडघे दुवा देतात.

माळावरचे तुझे लांडगे सहा आहेत. कालच मोजले, वहीत लिहिले. त्यांच्या विष्ठेच्या पाच बाटल्या तुमच्या प्रयोगशाळेसाठी गेवराईहून एसटीच्या पार्सलनं पाठवते आहे. कंडक्टरनं विचारलं, काय आहे? मी सांगितलं, लोणचं.

पत्रच लिही. फोनवर तू कायम जिना चढत असतेस.

तुझी
रोहिणी

---

पुणे
५ डिसेंबर २०२४

प्रिय रोहे,

लोणचं पोचलं. आमच्या प्रयोगशाळेतल्या मुली आता तेच नाव वापरतात. "मॅडम, चकलांब्याचं लोणचं लावू का मशीनला?"

निकाल छान आहे. तुझ्या माळावरच्या एकाही लांडग्यात कुत्र्याचं रक्त आलेलं नाही. इतर काही ठिकाणी ते आता सापडू लागलं आहे. माळ तुटले, लांडगे विरळ झाले, की एकटा पडलेला लांडगा कुत्र्यांत जोडीदार शोधतो. तुझ्याकडे अजून पुरं कुटुंब आहे, म्हणून ते बाहेर बघत नाहीत. जून अखेर मी निवृत्त होते आहे. जाताना निदान एका जागेबद्दल चांगलं लिहिता येईल.

शेडचं वाचून मात्र थोडी थांबले. कुत्री आणि लांडगे एकाच मढ्यावर येणं बरं नाही, कुत्र्यांचे आजार त्यांना लागतात. निदान सगळ्यांना लस टोचून घे. तू एवढ्या मायेनं करते आहेस, आणि मी इथं खुर्चीत बसून काय सांगायचं? असो.

वडील माजलगाव धरणावर ओव्हरसियर होते तेव्हा आमच्या क्वार्टरच्या मागे लांडगे ओरडायचे आणि आई म्हणायची, झोप, ते आपले आहेत. आता तिकडे नुसता ऊस. तू माळ राखलास हे मी कोणत्याच अहवालात लिहू शकले नाही, म्हणून इथं लिहिते.

मुक्ता

---

चकलांबा
१९ जानेवारी २०२५

प्रिय मुक्ता,

चार पिल्लं! परवा सकाळी बांधावरून दुर्बिणीतून पाहिली. अंगापेक्षा कान मोठे. आई कुठूनशी आली, तशी चारही तिच्या तोंडाला झोंबली आणि तिनं पोटातलं काढून त्यांच्यापुढे टाकलं. मी खाली बसूनच राहिले. दवानं लुगडं भिजलं तरी उठवेना. म्हणजे आता दहा झाले. वहीत लिहिलेला दहाचा आकडा तिरका आला आहे.

तू सांगितलंस तसं एकोणतीस कुत्र्यांना लस टोचली. आमचा जनावरांचा डॉक्टर परमेश्वर दोन दिवस येत होता. त्याला दोन कुत्री चावली. म्हणाला, "मॅडम, पुढच्या टायमाला आधी मलाच टोचा."

कौशल्याबाईचा नवरा गहिनीनाथ वडिलांच्या दहाव्याला चार दिवस येऊन गेला. तिला यायला मिळालं नाही. तिनं निरोप पाठवला की राजाला रोज नाव घेऊन हाक मारत जा, नाहीतर विसरेल. मी मारते. तो लगेच बघतो.

तुझी
रोहिणी

---

पुणे
१ फेब्रुवारी २०२५

प्रिय रोहे,

घाईत लिहिते आहे. पिल्लांचं वाचून सगळ्या मुलींना पेढे दिले.

लस कोणती टोचली? परमेश्वरनं रेबीजची टोचली असणार. ती हवीच, पण माझ्या मनात डिस्टेंपरची होती. ती वेगळी. मी नाव लिहिलं नाही, चूक माझी. ती लस घेऊन माझी विद्यार्थिनी संस्कृती मार्चच्या पहिल्या आठवड्यात येईल. तोवर शेड बंद कर आणि ज्याला त्याला त्याच्या दारात भाकर टाक.

आणि नीट बघ: एखाद्या कुत्र्याचे डोळे चिकटणं, नाकातून पू, खात नसताना जबडा चावल्यासारखा हलत राहणं, झटके. यातलं काहीही दिसलं तर पत्राची वाट न बघता फोन कर.

मुक्ता

---

चकलांबा
१३ फेब्रुवारी २०२५

प्रिय मुक्ता,

फोन करायला हवा होता. बोलता आलं नसतं.

मंगळवारी भर दुपारी एक लांडगा खालच्या वस्तीत नळापाशी आला. भिवराबाई तिथं भांडी घासत होती. तिला वाटलं, कुणाचं तरी कुत्रं. तिनं हाड केलं तरी जाईना. पाण्याच्या टाकीभोवती एकाच बाजूनं गोल गोल फिरत होता, तोंडाला फेस. मागे राहिलेली म्हातारी माणसं काठ्या घेऊन जमली. "पिसाळलंय, पिसाळलंय!" हनुमान मेंढपाळ तेवढा हात न उचलता उभा. कुणीतरी त्याला म्हणालं, "तुझी किती मेंढरं खाल्ली बे ह्यानं, आन तू बघत काय राहिलास?" तो म्हणाला, "पळंना कावून? माझ्याकडं बघतंय, पर मला बघत न्हाई. असल्याला काय मारायचं?"

मी मध्ये गेले. राधाकिशनरावांनी दंडाला धरून मला मागे ओढलं. तीन काठ्यांत झालं. त्या माणसांनाही मी काय बोलू? त्यांच्यातल्या एकाची नात पिसाळलेलं कुत्रं चावून गेली आहे.

परमेश्वरनं तू त्याला फोनवर सांगितलंस तसे सगळे नमुने बर्फात घालून पाठवले आहेत. या वेळी कंडक्टरनं काही विचारलं नाही.

शेड बंद केलं, पण कुत्री आता तिथंच राहतात. दारात टाकलेली भाकर खातात आणि परत माळाकडे चालू लागतात. अडीच महिन्यांत मीच त्यांना तिथली केली.

तू विचारलं होतंस तसं आजारी कुत्रं इथं एकही नाही.

रोहिणी

---

पुणे
२२ मार्च २०२५

प्रिय रोहिणी,

संस्कृती तुझ्याकडून आल्यापासून तुझ्या पिठल्याचंच बोलते. तिनं तुला सांगितलंच आहे: लांडग्याला रेबीज नव्हता, डिस्टेंपर होता. हा विषाणू मेंदूत गेला की भीती जाते. जनावराला दिवस-रात्र, माणूस-दगड काही कळत नाही. तो नळापाशी पाणी प्यायला आला नव्हता, कुणाला चावायलाही नाही. तो कुठं आला आहे हे त्याला माहीतच नव्हतं.

तू संस्कृतीला विचारलंस की लांडग्यांनाच लस का देत नाही. मी इथं सगळ्यांना तेच विचारलं. पकडल्याशिवाय टोचता येत नाही. गुहेजवळ माणसं गेली तर आई पिल्लं हलवते, आणि या दिवसांत हलवलेली पिल्लं जगत नाहीत. परवानगीचा कागद अजून फिरतो आहे. आणि खरं सांगायचं तर ज्यांच्यात आजार शिरला आहे त्यांना आता लसीचा उपयोगही नाही. करता येण्यासारखं एकच होतं, कुत्र्यांना टोचणं, ते आता झालं. एकतीस.

कुत्र्यांच्या रक्तावरून आजार कुठून आला हे नक्की सांगता येत नाही. तू त्याचा विचार करत बसू नकोस.

मुक्ता

---

चकलांबा
६ एप्रिल २०२५

प्रिय मुक्ता,

तीन पिल्लं गुहेच्या तोंडाशीच सापडली, हनुमानला. चौथं सापडलंच नाही. मोठ्यांपैकी दोन ओढ्यात, एक उसाच्या बांधावर, एक कुठंच नाही, पण महिनाभर दिसलेला नाही. फक्त आई दिसते. सकाळी उंचावर येऊन ओरडते आणि उत्तराची वाट बघत असल्यासारखी उभी राहते. वहीत काल एक लिहिला.

मी तुझ्याशी खोटं बोलले, मुक्ते.

जानेवारीत गहिनीनाथ आला तेव्हा पिशवीतून एक पिल्लू घेऊन आला होता. कारखान्यावरच्या त्यांच्या झोपड्यांत कुत्रीनं घातलेलं. म्हणाला, "कौशीनं धाडलंय तुमच्यासाठी. राजाला जोडीदार." त्याचे डोळे चिकटलेले होते. मी कापसानं पुसले, वातीनं दूध पाजलं, चुलीपाशी ठेवलं. चार दिवसांत खेळू लागलं, म्हणून शेडवर इतरांत सोडलं. एकटं राहू नये म्हणून. तुला पिल्लांचं पत्र लिहिलं त्याच्या आदल्याच दिवशी. सत्तावीस तारखेला ते गेलं. जाण्याआधी दिवसभर त्याचा जबडा हलत होता. मला वाटलं, भूक लागली आहे, मी बोटानं दूध लावत राहिले. मेल्यावर गड्याला सांगितलं, सगळी टाकतात तिथं टाक.

तुझं लक्षणांचं पत्र त्यानंतर आठ दिवसांनी आलं. एकेक ओळ वाचत गेले. पुढं तू "फोन कर" लिहिलं होतंस. मी पत्राची घडी घातली आणि पीठ मळायला गेले. तेव्हा फोन केला असता तर काही झालं असतं का? हे मला खरं सांग. दिलासा देऊ नकोस.

टोळ्या परत आल्या. कौशल्याबाईला मी दारातच सगळं सांगितलं. ती हसलीच. म्हणाली, "बाई, तुमी खाऊ घातलं. मारलं थोडंच?" मी म्हटलं, "कौशल्या, माझ्यामुळं झालं गं." तर म्हणते, "तसं म्हनलं तर पिल्लू मी धाडलं, मंग माझ्यामुळं. आन मुकादमानं कुत्री नेऊ दिली न्हाईत, मंग त्याच्यामुळं. आमी हितं पोट भरलं असतं तर गेलो असतो का? जाऊ द्या. राजा कुठं हाय?" राजा वाचला आहे. पण त्याचा मागचा पाय झोपेतही हलतो. ती त्या पायावर हात ठेवून बसली, तरी हात घेऊन पाय हलत होता.

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रोहिणी

---

पुणे
१६ एप्रिल २०२५

प्रिय रोहे,

खरं सांग म्हणालीस म्हणून सांगते. फोन केला असतास तरी बहुतेक हेच झालं असतं. पिल्लू नऊ दिवस शेडवर होतं, ते पुरेसं आहे.

आता माझं ऐक. २२ मार्चचं पत्र लिहिलं तेव्हा अहवाल माझ्यासमोर टेबलावर होता. लांडग्यातला विषाणू आणि तुझ्या शेडवरच्या कुत्र्यांतला विषाणू एकच आहे. संस्कृतीनं तुला सांगू नये म्हणून मीच बजावलं. मैत्रिणीला वाचवते आहे असं मला वाटलं. खरं म्हणजे स्वतःला वाचवत होते. डिसेंबरात तुझ्या पत्रातलं शेड वाचलं त्याच क्षणी मला सगळं दिसलं होतं. हेच माझं काम, पस्तीस वर्षांचं. एखाद्या अनोळखी सरपंचानं लिहिलं असतं तर मी त्याच दिवशी कळवलं असतं, शेड आजच्या आज बंद करा, मढी पुरा. तुला मी "असो" लिहिलं. तुझा हिरमोड होऊ नये म्हणून.

तू खाऊ घातलंस आणि मी भीड ठेवली. लांडग्यांना दोन्ही सारखंच पडलं.

सगळे विचारतात, आता उपाय काय. उपाय सगळे माहीत आहेत, रोहे. दर वर्षी टोळ्या जाण्याआधी आसपासच्या गावांतल्या दहांपैकी नऊ कुत्र्यांना लस, नसबंदी, मढी खोल पुरणं. कागदावर अर्ध्या पानात बसतं. ते दर वर्षी कोण करणार, हा प्रश्न माझ्या शास्त्रात येत नाही. तीस जूनला माझी खोली रिकामी होईल. संस्कृती दोन वर्षं तरी आहे, पुढचं तिलाही ठाऊक नाही.

एक गोष्ट मात्र आहे. तुझ्या बारा वह्या नसत्या तर हा कळप होता हेही कुणाला पटवता आलं नसतं. "पूर्वी असायचे म्हणे", एवढंच राहिलं असतं. किती होते, कधी होते, कसे गेले, हे देशात फार थोड्या ठिकाणांबद्दल असं लिहिलेलं आहे. याचा तुला आनंद होणार नाही. मलाही झाला नाही.

त्या एकटीकडे लक्ष ठेव. लांबून. तिच्याजवळ कुत्रा दिसला तर तारीख लिही.

मुक्ता

---

चकलांबा
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय मुक्ता,

तारीख लिहिली आहे: ९ जुलै. शेडवरचा पिवळा कुत्रा तिच्यामागून चालत होता, दहा पावलांवर. ती थांबली की तो बसायचा. ती हुसकत नव्हती. त्यानंतर पाच वेळा दोघं दिसले. पूर्वी मी असं पाहिलं असतं तर म्हणाले असते, चला, सोबत झाली बिचारीला.

शेड पाडलं. राधाकिशनराव स्वतः पत्र्यावर चढले, या वयात. खाली उतरून म्हणाले, "पांजरपोळ म्हनलो नसतो तर तू घरीच ठेवली असतीस कुत्री." मग पत्रे एकावर एक रचत बसले. कुत्री अजूनही त्या मोकळ्या जागेवर जाऊन बसतात.

दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन सतरा सप्टेंबरला संभाजीनगरला आहे. मुलगी म्हणते, फेब्रुवारीपर्यंत इथून हलायचं नाही. यंदा दसऱ्यानंतरच वस्ती रिकामी होईल, तेव्हा मी इथं नसेन. कौशल्याबाई यंदाही जाते आहे. म्हणून संस्कृतीला हे पत्र दाखव. कुणाला काय द्यायचं ते लिहिते.

बारा वह्या आणि चालू असलेली तेरावी संस्कृतीला. देवघराच्या कपाटात वरच्या फळीवर आहेत. तुमच्या लेखात गावाचं नाव झाकायचं तू म्हणाली होतीस. झाकू नका. माझंही झाकू नका.

दुर्बीण हनुमानला. तो म्हणतो, मला कशाला, मला तसंच दिसतंय. तरी द्यावी. आणि तो सांगेल ते लिहून घ्यायला महिन्यातून एकदा कुणीतरी यावं. त्याला लिहिता येत नाही, पण तो चुकत नाही.

लसीच्या साठ बाटल्या परमेश्वरला. आमच्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात आहेत. राधाकिशनरावांना बजावलं आहे, वीज गेली तर दार उघडायचं नाही. पंचवीस सप्टेंबरच्या आत, म्हणजे ट्रक येण्याआधी, मालकांनी कुत्री धरली असताना टोचावी. मालक गेल्यावर ती कुणाच्या हाती लागत नाहीत.

राजा भिवराबाईकडे, तिच्याच दारात, साखळीला. त्याला नावानं हाक मारावी लागते, रोज. कडूबाईकडे तांबडी कुत्री आणि तिची दोन. बायनाबाईकडे टोकाच्या घरांची चार. बाकीच्यांची यादी घरवार लिहून राधाकिशनरावांकडे दिली आहे; संध्याकाळी मोटारसायकलवर फिरून दारोदार भाकर तेच टाकतील. मी न सांगता त्यांनीच कबूल केलं. बाजरीची सहा पोती या तीन बायकांत वाटून द्यावी, कुत्र्यांच्या वाट्याची म्हणून नव्हे, त्यांच्यासाठी म्हणून. नाहीतर त्या घ्यायच्या नाहीत.

मढी पुरायचा खड्डा ग्रामपंचायतीकडे. सरपंच हो म्हणाले आहेत. संस्कृतीनं येऊन डोळ्यांनी बघावा.

पिवळ्या कुत्र्याचा मालक कोणी नाही. तो परमेश्वरला पकडून द्यायचा आहे, नसबंदीसाठी. दोनदा हातातून निसटला. आता उशीर झाला असेल तर तुमच्या मुलींनी ठरवावं काय करायचं ते. मला कळवू नये.

आणि ती. तिच्यासाठी मी कुणाच्या हाती काही दिलेलं नाही. थंडीत ती खाली येईल, हाडं दिसतील, तेव्हा वस्तीतलं कुणीतरी नक्की विचारेल, बाई असत्या तर हिला काही टाकलं असतं, आपण टाकू का? नाही म्हणून सांगायचं. बाईंनी सांगितलं आहे म्हणायचं. माझ्याकडून तिला काही मिळता कामा नये.

तुझी
रोहिणी